लकव्यानंतर बाबांची बोटं मिटतात, पण उघडत नाहीत. पुढे काय करावं?

प्रतापनगरची_लेक

नमस्कार. बाबा ६६ वर्षांचे आहेत. इथे वडोदऱ्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, सगळं आयुष्य हातात पाना. श्रावणात एका सकाळी उठायला गेले तर उजवी बाजू लुळी. झोपेत नेमकं कधी झालं ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे साडेचार तासांच्या आत द्यायचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांना देता आलं नाही. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला होती.

बोलणं आधी अडखळत होतं, ते बरंच परत आलं. पायही आला. काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात, कुणी बरोबर असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही. अडलंय ते हाताशी. हात वर न्यायला गेले की कोपर आपोआप वाकतं आणि मूठ आवळली जाते. मूठ मिटते, चांगली घट्ट मिटते, पण उघडत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. मनगट खाली पडलेलं असतं, पंजावर सूज असते आणि ती संध्याकाळी वाढते. रात्री त्या कुशीवर वळले की खांद्यात कळ येते. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खड्डा लागतो.

फिजिओ घरी येतात, अर्धा तास. हात वरखाली करतात, बोटं ताणतात, करंट लावतात. एक स्पंजचा पिवळा बॉल दिलाय. बाबा टीव्हीसमोर बसून तो दाबत असतात. मला राहून राहून वाटतं की त्याने मूठ आणखीच घट्ट होत चालली आहे.

आत्याचं म्हणणं, खांदा उतरलाय, हाड बसवणाऱ्याकडे न्या. समोरचे भाई म्हणतात, लकवा आहे, तेलाचं जोरदार मालिश पाहिजे. आणि तपासणीला गेलो तेव्हा एका डॉक्टरांनी बाबांच्या समोरच सांगितलं, ‘तीन महिन्यांत आलं तेवढं आलं.’ त्या दिवसापासून बाबा तो हात मांडीवर ठेवून त्यावर नॅपकिन टाकतात. मला ते बघवत नाही.

अजून एक. नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखला द्यायचाय. बँकेतला माणूस सहज म्हणाला, अंगठा लावून टाका. बाबा उठून बाहेर आले. म्हणतात, अंगठा लावणार नाही.

खरंच वेळ निघून गेली आहे का? बॉल चालू ठेवू की बंद करू? ज्यांनी हे स्वतः किंवा घरात बघितलंय त्यांनी सांगावं.

रावपुरा_फराळ

अगं, तुझ्या बाबांचा हात मी न बघता सांगू शकते, कारण माझा अगदी असाच होता. उजवाच. मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे, नवरात्र आलं की आमच्या घराला भाजणीचा वास लागायचा. त्रेपन्नाव्या वर्षी झटका आला. आधी कित्येक दिवस हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता, मग हळूहळू ताठरला, मग मूठ मिटायला लागली. घरात सगळ्यांना आनंद झाला, हात आला म्हणून! आणि तिथेच सगळं थांबलं. मिटलेली मूठ घेऊन मी बसले होते.

तीन महिने झाले तेव्हा माझं एकही बोट स्वतःहून उघडत नव्हतं. आज मी भाजी चिरते, पदर खोचते, फोन उजव्या हाताने उचलते आणि हे सगळं त्याच हाताच्या बोटांनी टाइप करतेय, सावकाश. तेव्हा ‘आलं तेवढं आलं’ हे बाबांच्या डोक्यातून पहिल्यांदा काढा. माझ्या थेरपीवाल्या मुलीने मला नीट समजावलं होतं की सुरुवातीचे काही महिने बरंचसं आपणहून सुधारतं. पुढे आपणहून येणारं कमी होतं, पण कामाला लावून येणारं चालूच राहतं. मात्र मग ते कष्टाने मिळवावं लागतं.

बॉल बंद. तुला जे वाटतंय ते बरोबर वाटतंय. मिटणं त्यांना येतंच आहे, त्याचीच मेहनत कशाला करायची? त्यांना सोडणं शिकायचंय.

माझ्यासाठी ती काय करायची ते सांगते. स्टीलचा छोटा रिकामा पेला. मी टेबलाशी बसलेली, पाय जमिनीला टेकलेले, कोपराखाली घडी केलेला टॉवेल. पेला माझ्या मुठीत, बूड टेबलावर टेकलेलं. पोरगी गुजराती, म्हणायची, ‘मासी, पकडवानुं नथी, मूकवानुं छे’, म्हणजे पकडायचं नाही, ठेवायचंय. मी जोर लावायचे. जोर लावला की मूठ आणखी आवळायची, खांदा कानापर्यंत चढायचा, दात आवळले जायचे, डावा हातसुद्धा मूठ करायचा. पेला जागचा हलायचा नाही. मग ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, श्वास सोडा, पेल्याकडे बघू नका, अंगठ्याकडे बघा. अंगठा. सगळी किल्ली अंगठ्यात निघाली. तो तळव्यातून जरासा बाहेर सरकला की पेल्याची कड मोकळी व्हायची आणि मागची बोटं अर्धवट का होईना, ढिली पडायची. मग हात मागे ओढून घ्यायचा. पेला टेबलावर उभा राहिला की झालं. लगेच परत, तोच पेला, तीच जागा. थोडं जमायला लागलं की पेला दोन बोटं लांब. मग वाटी. मग वाटीवर वाटी. मग चमचा, कारण बारीक वस्तू सोडणं आणखी अवघड.

हे रोज. ती यायची नाही त्या दिवशीही. आमच्याकडे सकाळचा चहा झाला की टेबल माझं असायचं आणि घरातले त्या वेळात मला हाक मारायचे नाहीत.

हिवाळ्यात बाजारात पापडी आली आणि उंधियूची तयारी सुरू झाली, तेव्हा तिने माझ्यापुढे पापडीचा ढीग टाकला. पापडीची शीर काढायची म्हणजे शेंग डाव्या हातात, उजव्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने टोक मोडायचं आणि न सोडता शेवटपर्यंत ओढत न्यायचं. मग ती शीर ताटात टाकायची, आणि टाकताना बोटं उघडावीच लागतात! मटार सोपे, ते अंगठ्याने दाबले की फुटतात. पापडीने मला रडवलं. पण मी रोज त्या ढिगाशी बसायचे, कारण संध्याकाळी ते पातेल्यात जाणार होतं, घरात चार माणसं जेवणार होती. नुसतं ‘बोटं उघडा, मिटा’ मी इतकं केलं नसतं.

तुझ्या बाबांपुढे नट-बोल्ट ठेव ना! मोठे, हाताला धरवतील असे. बोल्ट डाव्या हातात, नट उजव्याने. सुरुवातीला फिरवणंही नको, पत्र्याच्या डब्यातून उचलायचा आणि दुसऱ्या डब्यात टाकायचा. आयुष्यभर ज्या हाताने पाना धरला त्याला स्पंजचा बॉल देऊन टीव्हीसमोर बसवलं तर त्या हाताला काय वाटत असेल, सांग.

आणि तो नॅपकिन काढा. हात टेबलावर, डोळ्यांसमोर राहू दे. जेवताना डाव्या हाताने जेवले तरी उजव्याने ताट धरायचं. दात घासताना उजव्या मुठीत पेस्टची ट्यूब, डाव्याने टोपण काढायचं. आई भरवत असेल, शर्टाची बटणं लावून देत असेल, तर तिला समजाव. तिचा जीव तुटतो, मला माहीत आहे, माझ्या सासूबाईंचाही तुटायचा. पण ती सगळं करून देते तेव्हा त्या हाताचं दिवसभराचं काम जातं.

काय आलं नाही तेही सांगते, म्हणजे तुम्ही तयार राहाल. चकलीचा सोऱ्या मला आजही फिरवता येत नाही, भाजणी मी करून देते आणि चकल्या जाऊबाई पाडतात. मोदकाच्या कळ्या येत नाहीत. थंडीत हात आखडतो. दमले किंवा रागावले की मूठ परत मिटते. आणि उजव्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, म्हणून तव्याजवळ तो हात मी आजही नेत नाही. बाबांना कळतं का, ते डोळे मिटायला लावून बघ.

हाड बसवणाऱ्याकडे मुळीच नेऊ नकोस.

पेन्शनर_मांजलपूर

ताई, दाखल्यापुरतं सांगतो, मी बँकेतूनच निवृत्त झालोय. हयातीच्या दाखल्याला आता सही लागत नाही आणि अंगठाही नाही. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप घाला. चेहरा दाखवला की दाखला तयार होतो आणि थेट पोचतो. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर आणि पेन्शनचा खाते क्रमांक हाताशी ठेवा. बाबांना घराबाहेरही पडावं लागणार नाही.

पैसे काढण्यासाठी सहीच हवी असेल तर डाव्या हाताने एक साधी सही बसवून घ्या आणि बँकेत नवा नमुना द्या. रीतसर अर्ज करायचा, त्यात कमीपणा काही नाही. उजव्याने यायला लागली की पुन्हा बदलता येतो. अंगठ्याची सोय नियमात आहे, आजारी खातेदारांसाठी दोन साक्षीदार लागतात, पण ती सोय आहे, सक्ती नव्हे. कुणी दरडावलं तर शाखा व्यवस्थापकांशी बोला.

ओटी_अलकापुरी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते, वडोदऱ्यातच. फराळवाल्या काकूंनी जे लिहिलंय त्यातलं बहुतेक मी पेशंटच्या घरच्यांना रोज सांगते. माझी भर खांद्यापासून, कारण बोटांच्या नादात खांद्याकडे दुर्लक्ष होतं, आणि खांदा दुखत असेल तर माणूस हात वापरतच नाही.

खांद्याखाली जो खड्डा लागतो तो खरा आहे, पण तो पडून-झडून निखळलेला सांधा नाही. दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत मुख्यतः स्नायूंच्या जोरावर धरलेलं असतं. ते स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने हाड थोडं खाली सरकतं. हे ‘बसवायचं’ नसतं, बसवलं तरी धरून ठेवायला स्नायूच नाहीत. ओढाताण केली तर सांध्याभोवतीचं फाटतं आणि कायमचं दुखणं मागे लागतं. म्हणून बाबांना उठवताना, कपडे घालताना, रिक्षात बसवताना तो हात किंवा बगल धरून ओढायचं नाही. कमरेला धरायचं. सदरा घालताना आधी उजवी बाही, काढताना उजवी शेवटी. बसलेले असताना पूर्ण कोपरापासून पंजापर्यंत हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला हवा. झोपताना खांद्याखाली आणि हाताखाली उशी. दाराला पुली टांगून चांगल्या हाताने आजारी हात वर ओढण्याचा व्यायाम घरोघरी करतात, तो या खांद्याला करू नका. झोळी घातली असेल तर चालतानाच, दिवसभर नाही. झोळीत कोपर वाकलेलं राहतं, आणि वाकण्याचीच तर त्यांना खोड लागते आहे.

पंजाची सूज आणि खांद्याची कळ एकत्र आहे, हे मला जरा खटकतं. हात लोंबत राहिल्यानेही सूज येते, तेव्हा आधी हात हृदयाच्या पातळीच्या वर टेकवून ठेवून बघा. पण पंजा गरम, लालसर किंवा चकाकता दिसत असेल, बोटं वाकवताना किंवा नुसतं कापड लागलं तरी असह्य कळ येत असेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं आणि त्यावर वेळेत औषध सुरू करावं लागतं. थांबू नका, दाखवा. हलक्या हाताने बोटांकडून कोपराकडे तेल लावायला हरकत नाही, बरंही वाटतं. जोरात रगडायचं नाही. मालिशने सूज उतरू शकते, हालचाल येत नाही.

हात वर नेताना कोपर वाकणं, मूठ आवळणं, हा ठरलेला टप्पा आहे. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी लकव्यातून हात कसा परत येतो त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी लुळेपणा, मग ताठरपणा आणि सगळे सांधे एकदमच हलणं, मग त्यातून एकेक सांधा सुटा होणं. बाबा मधल्या पायरीवर आहेत. इथे पुष्कळ लोक अडकतात, कारण एका झटक्यात मूठ मिटते हेच यश वाटतं आणि त्याचीच उजळणी होत राहते. बॉलबद्दल माझं मत तेच, मिटायची ताकद ज्यांना आहे त्यांना बॉल देऊ नये.

वेळेबद्दल. सुरुवातीच्या तीनेक महिन्यांत मेंदू नवं जोडून घ्यायला सर्वात उत्सुक असतो, हे खरं आहे, आणि त्या काळात जितकं काम होईल तितकं चांगलं. पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. अमेरिकेत ‘एक्साइट’ नावाची मोठी चाचणी झाली, ती २००६ साली छापून आली. त्यात झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ लोक होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून ठेवला आणि आजारी हाताकडून दोन आठवडे रोज तासन्‌तास काम करून घेतलं. नेहमीचे उपचार चालू असलेल्यांपेक्षा त्यांचा हात स्पष्टपणे सुधारला आणि वर्षभराने तपासलं तरी टिकला होता. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या मेंदूविकारांच्या रुग्णालयात तर झटक्याला वर्षं उलटलेल्यांसाठी तीन आठवड्यांत ९० तासांचा कार्यक्रम चालवतात, त्यांच्याही हातात फरक पडतो. म्हणून बाबांना जे सांगितलं गेलं ते पुरं नव्हतं.

आता यातली मेख. दोन्हीकडे तास बघा. २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या दवाखान्यांत थेरपी चालू असताना नुसतं मोजलं, तर एका बैठकीत आजारी हाताकडून कामाच्या हालचाली सरासरी ३२ होत होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदललेला दिसतो तो रोजच्या शेकडो हालचालींनी. आपल्याकडे घरी येणाऱ्या फिजिओच्या अर्ध्या तासात हात हलवतात ते फिजिओ, पेशंट पडून असतो. त्याने सांधे मोकळे राहतात, ते हवंच, पण ती बाबांची हालचाल नव्हे. तुमच्या फिजिओंना सरळ विचारा, आज बाबांनी स्वतः काय हलवलं? करंट लावायचाच तर मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंना, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, हाताच्या मागच्या बाजूला लावा, आणि करंट येताना बाबांनीही ‘उघड’ असा जोर लावायचा, समोर सोडायला पेला ठेवून. गप्प पडून घेतलेल्या करंटापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चांगला हात बांधायचा प्रयोग मात्र लगेच करू नका. एक्साइटमध्ये मनगट आणि बोटं स्वतःहून निदान १० अंश उघडू शकणारेच बहुतेक घेतले होते. बाबांचं बघा, हाताचा पुढचा भाग टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर लोंबता. मनगट वर उचलता येतं का? मग टेबलावर एक फडकं ठेवा. कसंही, बोटांनी खरवडून का होईना, उचलून सोडता येतं का? यातलं काहीच होत नसेल तर चांगला हात बांधून ते फक्त चिडतील आणि काठीसाठी तो हात लागतो, पडतील ते वेगळंच. त्यांच्यासाठी आधी आरसा, म्हणजे चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत करायचा व्यायाम.

मूठ इतकी घट्ट असेल की नखं तळव्यात रुततात, तर न्यूरॉलॉजिस्टना बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनबद्दल विचारा. ते आवळणाऱ्या स्नायूंना तीनेक महिने ढिलं करतं. त्याने ताकद येत नाही, जागा मिळते. त्या तीन महिन्यांत बोटं उघडायची मेहनत केली तर फायदा, नाहीतर महागडं इंजेक्शन वाया.

आणखी एक. बाबा गप्प गप्प असतात, हात झाकतात, जेवण कमी झालंय, असं काही असेल तर डॉक्टरांना सांगा. लकव्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि ते उपचारांनी हटतं.

प्रतापनगरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. मावशी, तुमचं लिहिलेलं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पापडीपाशी आल्यावर ते म्हणाले, ‘परत वाच.’

फोनवर चेहरा दाखवून दाखला झाला. काका, तुमच्यामुळे एक मोठं ओझं उतरलं.

ताई, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. मनगट टेबलाच्या कडेवरून अगदी थोडं उचललं, एकदाच, दुसऱ्यांदा नाही. फडकं अंगठा आणि दोन बोटांत आलं, सुटलं नाही. डोळे मिटून गार चमचा लावला तर कळला, कुठल्या बोटाला लावला ते चुकलं. पंजा गरम नाही, लाल नाही. दोन दिवस उशीवर टेकवून ठेवल्यावर सकाळची सूज कमी दिसतेय. बॉल आईने कपाटात ठेवलाय. नट-बोल्ट बाबांनीच माळ्यावरून काढायला लावले, अजून त्यांच्या नावाचा डबा आहे तिथे.

आरसा नेमका कसा लावायचा? आणि हे सगळं घरी किती वेळ करायचं, ते पटकन दमतात.

रावपुरा_फराळ

दमतात तर दमू दे, पण रडकुंडीला येईपर्यंत नाही. मी थोडं थोडं करून दिवसभरात खूप करायचे. सकाळी ताजं असताना अवघड काम, संध्याकाळी सोपं. पहिल्यांदा नट सुटेल तेव्हा टाळ्या वाजवा गं, लाजू नका. पंधरा दिवस काहीच हललं नाही असं वाटेल, तेव्हा मोबाइलवर काढून ठेवलेला जुना व्हिडिओ दाखव. मी तसंच करायचे. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

ओटी_अलकापुरी

मनगट एकदा उचललं, ही माझ्या दृष्टीने मोठी बातमी आहे. फडकं धरता आलं हेही. बोट ओळखायला चुकतात म्हणजे स्पर्श अर्धवट आहे, म्हणून काम करताना हाताकडे बघत राहायचं आणि गरम चहाचा कप त्या हातात द्यायचा नाही.

आरसा असा. कपाटाच्या दाराएवढा नको, दोन वीत रुंद, फूटभर उंच पुरे, कडा टोचणार नाहीत असा. बाबा टेबलाशी सरळ बसतील. आरसा त्यांच्या छातीच्या मध्यरेषेवर उभा, चकाकती बाजू डावीकडे. उजवा हात आरशाच्या मागे, टेबलावर टेकलेला, दिसता कामा नये. डावा हात पुढे. अंगठी आणि घड्याळ डाव्या हातातून काढून ठेवा, नाहीतर आरशातला हात आपला उजवा वाटत नाही. आता आरशात बघत डावी मूठ सावकाश उघडायची, मिटायची, मनगट उचलायचं, पेला धरून सोडायचा. आरशात उजवा हात हे सगळं करतोय असं दिसतं. मागे लपलेल्या उजव्यानेही जमेल तितकं तेच करायचा प्रयत्न करायचा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. घाई नको, टीव्ही बंद, शेजारी कुणी बोलत नको. यावर २०१८ मध्ये ६२ अभ्यास एकत्र तपासून पाहिले गेले होते आणि हाताच्या हालचालीत फायदा दिसला होता. चक्कर आली किंवा बघून अस्वस्थ वाटलं तर थांबा.

आरसा झाला की लगेच उजव्या हाताचं खरं काम. त्यांच्याच डब्यातले मोठे नट घ्या, टेबलावर नाही, जाडसर टॉवेलवर ठेवा म्हणजे बोटांखाली घसरणार नाहीत. मनगट वर राहावं म्हणून पंजाखाली पुस्तक द्या. उचलण्याला महत्त्व नाही. नट तुम्ही हातात द्या, त्यांनी डब्यात सोडावा. डबा आधी अगदी हाताखाली. दहा-पंधरा वेळा झालं की विश्रांती, हात टेकवून, मग परत. दिवसातून असे चार-पाच वेळा बसले तर एकूण आकडा चांगला होतो. खांदा कानाकडे चढायला लागला किंवा मूठ आवळायला लागली तर तो दमल्याचा इशारा, तिथे थांबायचं.

सहीची घाई आता नको. पण रोज शेवटी पाच मिनिटं जाड मार्कर, मुठीत का होईना, आणि टेबलाला चिकटवलेला जुना वर्तमानपत्राचा कागद. अक्षरं नाहीत, आडव्या रेघा, मग गोल. मार्करला सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा फोमची नळी चढवली तर बोटं कमी आवळतात.

घरी येणाऱ्या फिजिओंना हे दाखवा, त्यांची मदत लागणारच आहे. जमलं तर एकदा सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात खांदा नीट तपासून घ्या, सकाळच्या ओपीडीला, आणि जुने सगळे कागद, एमआरआयची सीडी आणि सध्याच्या गोळ्यांची पट्टी बरोबर न्या. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या हात सुधारला तरी स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.